घड्याळ सरांची सोय

डॉक्टरांनी पोटाच्या डाव्या बाजूला, जरा खाली, बोटं रुतवली तेव्हा घड्याळ सर ओरडले नाहीत. "हो, साधारण त्याच भागात," एवढंच म्हणाले, नकाशावर एखादं धरण दाखवावं तसं. डोळ्यांत मात्र पाणी आलं. ते त्यांनी चष्मा पुसायच्या निमित्तानं पुसून घेतलं. शेजारच्या स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन त्यांची बायको बसली होती. ती डॉक्टरांना म्हणाली, "दुखतंय त्यांना. ते सांगणार नाहीत."

घड्याळ सर म्हणजे शाळेचे उपमुख्याध्यापक. नाव मुलांनी ठेवलेलं. शिक्षक ते पाठीमागे वापरत आणि बायको रागावली की तोंडावर वापरी. शाळेचं वेळापत्रक सर करायचे आणि त्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कुठल्या वर्गावर कुठला तास, कोण कुठून निघून कुठे पोचणार, सगळं तोंडपाठ. वेळापत्रकातली रिकामी चौकट त्यांना बघवत नसे. एखाद्या शिक्षिकेचा तास मोकळा दिसला की सरांचा हात शिवशिवायचा, आणि मुलं बसलेला एखादा वर्ग ते तिथे आणून ठेवायचेच. असा माणूस स्वतःच्या पोटाच्या बाबतीत इतका बेशिस्त निघेल असं कुणाला वाटलं नसतं.

डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. "तुमच्या मोठ्या आतड्याच्या भिंतीला बारीक बारीक फुगे आलेत, बाहेरच्या अंगानं. सायकलच्या जुन्या ट्यूबला येतात ना, तसे. पन्नाशीनंतर पुष्कळांना असतात आणि बहुतेकांना जन्मभर पत्ता लागत नाही. तुमच्या एकदोन फुग्यांना सूज आलीय. म्हणून ताप, म्हणून कळ."

"कशानं होतं हे?" बायकोनं विचारलं.

यावर डॉक्टरांनी उलट प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. सर आयुष्यभर प्रश्न विचारत आलेले. उत्तरं द्यायची सवय मोडली होती. सकाळी काय खाता? चहा-बिस्किटं. दुपारी? डबा. "डबा परत येतो," बायको म्हणाली, "पाव संपतो, भाजी तशीच असते." चालणं? शाळेत जाऊन येऊन. "स्कूटरवर," बायको म्हणाली. गुडघ्यासाठी कसल्या गोळ्या? त्या कधीतरी, म्हणजे रोज. सिगारेट? "नाही," सर म्हणाले, आणि बायको छताकडे बघायला लागली. वडिलांना असा काही त्रास? "आमचे वडील पोटाविषयी बोलत नसत," सर जरा अभिमानानं म्हणाले.

"पाणी किती पिता?"

"घरी पितो की. शाळेत नाही पीत."

"का?"

"मग जावं लागतं."

"मग जायचं."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे शाळेत तुम्ही जातच नाही? दिवसभर?"

"सवय आहे," सर म्हणाले.

मग डॉक्टर समजावायला लागले. अमुक एकाच गोष्टीनं हे होतं असं नाही. थोडं वय, थोडं घराणं, त्याला इलाज नाही. बाकीचं बरंचसं आपल्या हातात आहे. भाज्या, फळं, कडधान्यं, कोंडा, म्हणजे थोडक्यात चोथा, तो वाढवायचा. पण सूज उतरल्यावर आणि हळूहळू. पाणी प्यायचं. चालायचं. वजन उतरवायचं. गुडघ्याच्या गोळ्या विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. सिगारेट बंद. हे शेवटचं ते सरांकडे न बघता बायकोकडे बघून म्हणाले. "आणि लागली की जायचं. दाबून ठेवायचं नाही, कुंथत बसायचं नाही. मागे असाच ताप येऊन गेला तो पहिला धरला, तर हा तुमचा दुसरा झटका आहे. तिसरा आला तर मी एकटा ठरवणार नाही, सर्जनना बोलावणार."

एवढ्या मोठ्या उताऱ्यातला सरांना एकच शब्द ऐकू आला. सर्जन. सर भित्रे नव्हते. मोठमोठ्या पालकांना त्यांनी दाराबाहेर उभं केलं होतं. पण चिरफाडीचं नावही त्यांना सोसत नसे. क्रीडादिनाला एखादं पोर गुडघा फोडून घेऊन आलं तर सर लगबगीनं गुणफलकाकडे तोंड करून उभे राहात. आपल्या पोटावर कुणी सुरी धरलीय हे त्यांना नुसतं डोळ्यांसमोर आणवेना. जिना उतरता उतरता त्यांनी मनाशी पक्कं केलं. तिसरा झटका येऊ द्यायचा नाही, काय वाटेल ते करू. आणि दुसरं म्हणजे ही गोष्ट कुणाला कळू द्यायची नाही.

"आतडं हा काही चारचौघांत बोलायचा विषय नाही," ते बायकोला म्हणाले. "कुणाला सांगू नको."

"मी कशाला सांगू?" बायको म्हणाली.

तिनं बहिणीला सांगितलं, कारण बहीण म्हणजे काही कुणी नव्हे. आणि समोरच्या दारातल्या पोस्टमास्तरांना सांगितलं, कारण त्यांनी सरळच विचारलं, आणि तोंडावर खोटं कसं बोलायचं?

पोस्टमास्तर निवृत्त झाले होते, पण घरोघर काहीतरी पोचवायची सवय सुटली नव्हती. आता ते सल्ले पोचवत. संध्याकाळी आले, दार लावून घेतलं, खुर्ची जवळ ओढली आणि कुजबुजले, "मला कळलंय. तुम्ही काही बोलू नका." त्यानंतर जेवायची वेळ होईपर्यंत तेच बोलत होते. त्यांच्या साडूला अगदी हेच झालं होतं. त्यांचं म्हणणं, सगळा घात बियांचा. टोमॅटोचं बी, काकडीचं बी, काय वाटेल ते बी. एक बी जाऊन फुग्यात बसलं की कारभार आटोपला.

"डॉक्टर असं काही बोलले नाहीत," सर म्हणाले.

"नाहीच बोलायचे. त्यांना आपलं गिऱ्हाईक टिकवायचं असतं." एवढं सांगून पोस्टमास्तर खिडकीशी गेले, खिशातून सिगारेट काढली आणि सवयीनं एक सरांपुढे धरली. सरांनी मान हलवली. आतल्या खोलीतून बायको खाकरली.

पुढचे काही दिवस सर जेवणाच्या टेबलाशी चिमटा घेऊन बसत आणि टोमॅटोच्या फोडीतलं एकेक बी वेचून बशीच्या कडेला ठेवत. कामाला बसले की मन लावून करायचे, त्यामुळे त्यातही हातखंडा आला. फोड न फाटता बी कसं काढायचं याची त्यांनी एक पद्धतच बसवली. शेवटी बायकोनं वैतागून डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, ही जुनी समजूत आहे, बियांचा काही संबंध नाही, खुशाल खा. सरांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण ते जरा हिरमुसलेच. एवढी कला हाताला आली होती ती फुकट गेली.

सूज उतरली आणि डॉक्टरांनी कोंड्याला परवानगी दिली. हळूहळू, असं पुन्हा बजावून दिली. आता सरांनी आजवर कुठल्याही विद्यार्थ्याला अभ्यास हळूहळू कर असं सांगितलं नव्हतं. पहिल्याच सकाळी त्यांनी वाडगाभर कोंडा खाल्ला, वर उकडलेलं कडधान्य खाल्लं आणि शाळेत गेले.

त्या दिवशी सकाळच्या सभेत एक मिनिट शांत उभं राहायचं होतं. सगळी शाळा मैदानावर, डोळे मिटून, पान हलत नाही. आणि सरांचं पोट बोलायला लागलं. आधी लांबून एखादी मालगाडी यावी तसं, मग ती गाडी मैदानातच शिरली. पहिल्या रांगेतल्या एका लहान मुलीनं डोळे उघडून आभाळाकडे बघितलं. मुख्याध्यापिकांनी माइककडे बघितलं. सरांनी ताबडतोब मान वळवून सातवीच्या दुसऱ्या तुकडीकडे जळजळीत नजर टाकली. ती तुकडी आधीपासूनच बदनाम होती म्हणून निभावलं.

पण कोंडा, पाणी आणि संध्याकाळचं चालणं यांनी आपलं काम केलं. कळ थांबली. वर्षानुवर्षं रुसून बसलेलं आतडं ताळ्यावर आलं, आणि सरांचंच आतडं ते, त्यानंही स्वतःचं वेळापत्रक बसवलं. रोज तिसऱ्या तासाला. त्यात इकडचं तिकडे नाही. आणि इथून सरांची खरी पंचाईत सुरू झाली.

कारण शाळेत जायचं कुठे? मुख्याध्यापिकांच्या केबिनला जोडून एक होतं, पण ते त्यांच्या खुर्चीच्या मागून जायचं. म्हणजे मिटिंग चालू असताना, माफ करा मॅडम, म्हणून पलीकडे जायचं. त्यापेक्षा सर्जन बरा. मुलांची स्वच्छतागृहं होती, पण त्यांची दारं खालून वीतभर उघडी. सर एकदा मनाचा हिय्या करून तिथे गेले. बाहेर आधी गलका होता. मग एकदम सामसूम झाली. सरांचे बूट सगळ्या शाळेला पाठ होते. जरा वेळानं बाहेरून एक अदबशीर आवाज आला, "सर, आम्ही वर्गात जाऊ का?" सर म्हणाले, "जा." त्यानंतर त्यांना काही होणं शक्यच नव्हतं.

कॉरिडॉरच्या टोकाला शिक्षकांसाठी म्हणून एक बांधलेलं होतं. त्याला कित्येक वर्षं कुलूप. आत मोडके बाक, जगात आता नसलेल्या देशांचे नकाशे आणि विज्ञानाच्या तासाचा एक सांगाडा, एका हातानं अधू. बाकीचे पुरुष शिक्षक कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहाच्या नावाखाली जाऊन यायचे. सरांना ते जमण्यासारखं नव्हतं. तासाला बाहेर गेलेल्या शिक्षकांना फाटकात उभं राहून पकडायचं काम त्यांचंच.

मग त्यांनी घरी जाऊन यायचं ठरवलं. त्यासाठी तिसरा तास मोकळा हवा. पण उपमुख्याध्यापकांच्या नावापुढे रिकामी चौकट? ते बरं दिसलं नसतं आणि त्यांना बघवलंही नसतं. तेव्हा त्यांनी तिथे सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मार्गदर्शन'. दोन दिवस स्कूटरवरून घरी जाऊन आले. तिसऱ्या दिवशी बाहेर पडतात तो दाराशी मुलांची रांग. वेळापत्रकात मार्गदर्शन आहे म्हटल्यावर वर्गशिक्षकांनी पाठवली होती. एकाला गणित जमत नव्हतं, एकाचं अभ्यासात लक्ष लागत नव्हतं, एकीला पुढे काय व्हावं तेच कळत नव्हतं. सरांनी पायावर पाय घट्ट दाबून, कपाळ पुशीत, सगळ्यांना मार्गदर्शन केलं. थोडक्यात पण फार कळकळीनं केलं असं मुलं सांगत होती, आणि दुसऱ्या दिवशी रांग वाढली.

हात टेकले, तेव्हा सर किल्ली मागायला हेडक्लार्ककडे गेले.

हेडक्लार्कनी मान वर न करता विचारलं, "कुणासाठी पाहिजे?"

आता इथे खरं बोलायला एक क्षण पुरला असता. मला पाहिजे, डॉक्टरांनी सांगितलंय, संपलं. पण मागे शिपाई उभा होता, दोन पालक दाखल्यासाठी थांबले होते आणि खिडकीशी भूगोलाच्या बाई कसलीशी सही करत होत्या. या सगळ्यांसमोर आपलं आतडं टेबलावर काढून ठेवायचं? सरांची कानशिलं तापली, आणि तोंडून निघून गेलं, "लेडीज स्टाफसाठी. फार गैरसोय होते हो त्यांची."

भूगोलाच्या बाईंनी सही अर्धी ठेवून मान वर केली. बाई शाळेतल्या सर्वांत जुन्या. त्यांनी सरांकडे बराच वेळ बघितलं आणि मग शांतपणे सही पूर्ण केली.

"ते चालू आहे की," हेडक्लार्क म्हणाले.

"चालू कुठलं? आत सांगाडा आहे."

"ते प्रत्यक्षात. रेकॉर्डला चालू आहे, रोज साफ होतंय. चालू असलेलं चालू करा, असा अर्ज मी घेऊ कसा?"

"मग काय करायचं?"

"आधी ते बंद आहे असं मंजूर करून घ्या. मग चालू करायचा अर्ज करा."

यानंतर जे सुरू झालं त्यात सरांच्या नाकी नऊ आले. बंद मंजूर करायचं तर बंद का झालं ते लिहून द्यायचं. बंद पडलेलं रोज साफ कसं होत होतं, याचा वेगळा खुलासा. सांगाडा बाहेर काढायचा तर विज्ञान विभागानं तो ताब्यात घ्यायचा, आणि विज्ञान विभाग म्हणे आमच्या सांगाड्याला दोन हात होते, हा आमचा नव्हे. बरेच दिवस तो सरांच्याच खोलीत खुर्चीशेजारी उभा होता. येणारे पालक आधी त्याच्याकडे बघत आणि मग सरांशी जरा नमतं घेऊन बोलत, एवढा एक फायदा झाला.

मुख्याध्यापिकांच्या कानावर गोष्ट गेली तेव्हा त्या भारावून गेल्या. "इतक्या वर्षांत एका पुरुष सहकाऱ्याला आमची अडचण दिसली," त्या स्टाफ मिटिंगमध्ये म्हणाल्या, आणि टाळ्या झाल्या. सर मान खाली घालून बसले. ती विनम्रता समजली गेली. शिक्षिका त्यांच्या टेबलावर फळं आणून ठेवू लागल्या. कुणी पेरू, कुणी सफरचंद. "खा सर, चोथा चांगला असतो," भूगोलाच्या बाई म्हणाल्या. सर चमकले, पण बाईंच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

त्या मिटिंगनंतर बाई त्यांच्याजवळ थांबल्या. "आम्ही शाळेत पाणी पीत नाही, सर. तुम्हाला माहीत असेलच. मुलींच्या स्वच्छतागृहात सुट्टीत रांग असते, आणि सुट्टी सोडून आम्हाला मोकळा तास नसतो."

मोकळा तास का नसतो, हे सरांपेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? त्यांनी नुसती मान डोलावली. रात्री जेवताना त्यांचं लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वेळापत्रक काढून बाईंच्या नावापुढचा एक वर्ग खोडला आणि त्या रिकाम्या चौकटीकडे बघत बसले. फार त्रास झाला, पण त्यांनी ती तशीच ठेवली.

शेवटी मंजुरी आली. फरश्या बसल्या, नळ बसले, आतून कडी बसली. सरांचा जीव भांड्यात पडला. आणि मग रंगारी पाटी घेऊन आला. पाटी सुरेख होती. पांढऱ्यावर निळी अक्षरं. 'महिला कर्मचारी स्वच्छतागृह'. खाली बारीक अक्षरांत, उपमुख्याध्यापकांच्या अथक प्रयत्नांतून.

सर घरी येऊन कोचावर बसले ते बूट न काढताच. सगळं ऐकून बायको इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"म्हणजे बांधलं तुम्ही आणि तुम्हालाच बंदी."

"हसू नकोस."

"मग सांगून टाका ना खरं काय ते."

"आता कसं सांगू? लोकांनी टाळ्या वाजवल्यात."

"टाळ्यांनी पोट साफ होतं का?" बायको म्हणाली, आणि मग तिचं हसू थांबलं, कारण सरांचा हात पोटाच्या डाव्या बाजूला गेला होता. "दुखतंय?"

"जरासं."

"शाळेत पाणी प्यायचं पुन्हा सोडलंत ना?"

सर बुटांची नाडी सोडायला लागले. सोडलं होतं. मार्गदर्शनाची रांग हटेना, घरी येता येईना, तेव्हा त्यांनी हळूच जुना मार्ग धरला होता. बायकोनं त्यांना नेल्यावर डॉक्टरांनी तपासलं. ताप नव्हता, सूज नव्हती, पण त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "सर, मी तुम्हाला घाबरवत नाहीये. पण दाबून ठेवायचं, पाणी तोडायचं, हे असंच चाललं तर मला सर्जनना फोन करावाच लागेल. तुमची लाज मोठी की तुमचं आतडं, ते तुम्ही ठरवा." घरी येईपर्यंत बायकोनं सरांचा दंड धरून ठेवला होता, आणि त्यामुळे सर जास्त घाबरले.

उद्घाटनाचा दिवस ठरला. शाळा समितीचे अध्यक्ष फीत कापणार होते. कार्यक्रम कुठल्या तासाला ठेवायचा हे अर्थातच सरांनी ठरवायचं. सगळ्या वेळापत्रकात सर्वांत कमी वर्ग बुडतील अशी जागा एकच निघाली. तिसरा तास, मार्गदर्शनाच्या जागी. सरांनी ती लिहिली, खाली सही केली, आणि आपण काय लिहिलंय ते त्यांच्या लक्षात आलं तेव्हा निमंत्रणं गेली होती.

कॉरिडॉरमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. नव्या दाराला लाल फीत. पहिल्या रांगेत मुख्याध्यापिका, सर, आणि खास निमंत्रणावरून आलेली सरांची बायको. मागे सगळ्या शिक्षिका, त्यांच्या मागे बाकीचा स्टाफ, कडेला हेडक्लार्क. अध्यक्ष भला माणूस होता, पण हातात माइक आला की त्याला थांबवणं कुणाच्या बापाला जमत नसे. घंटेची वाट न बघताच त्यांनी कात्री एका हातात घेतली, माइक दुसऱ्या हातात घेतला आणि मानवी संस्कृतीच्या आरंभापासून सुरुवात केली. आदिमानव नदीकाठी राहात होता.

सर बायकोच्या आग्रहानं सकाळी पोटभर फळं खाऊन आणि भरपूर पाणी पिऊन आले होते. अध्यक्ष शेतीच्या शोधापर्यंत पोचले तेव्हा तिसरा तास सुरू झाल्याची घंटा झाली आणि सरांच्या पोटानं ती ऐकली.

सरांनी पायावर पाय ठेवला. अध्यक्ष शेतीतच रमले होते. सरांनी पाय बदलला. डाव्या बाजूला एक बारीक ओढ लागली, मग ती जरा मोठी झाली. घाम फुटला. समोर हातभर अंतरावर दार होतं, नवंकोरं, आत सगळी सोय, आणि मध्ये फीत आणि ती पाटी. दाबून ठेवायला त्यांना नवीन काहीच नव्हतं. सगळा जन्म त्यातच गेला होता. पण त्यांना ते ऑपरेशनचं टेबल दिसायला लागलं, वरचा दिवा दिसायला लागला, आणि बाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन एकटी बसलेली बायको दिसली. त्यांना स्वतःची भीती वाटली त्याहून जास्त तिची दया आली. बाजूला बघितलं तर ती त्यांच्याकडेच बघत होती.

"जा," ती हळूच म्हणाली.

सर उठले. अध्यक्षांना वाटलं, सर आपल्यासाठी पाणी आणायला निघाले, म्हणून त्यांनी हात करून नको म्हणून खुणावलं. सर सरळ चालत गेले. फीत छातीच्या उंचीवर होती. वाकून खालून जावं असं त्यांना वाटलं, पण गुडघ्यानं नकार दिला. मग ते तसेच पुढे गेले. फीत ताणली, तुटली आणि त्यांच्या खांद्याला लोंबत आत गेली. कडी लागल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

अध्यक्ष थांबले. पण त्यांना फार वेळ थांबता येत नसे. "तर शेतीचा शोध लागल्यावर," ते म्हणाले.

आत घड्याळ सर नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा शाळेच्या वेळात शांतपणे बसले. कुंथले नाहीत, घाई केली नाही. बाहेर संस्कृती पुढे सरकत होती. डाव्या बाजूची ओढ सैल झाली, मग गेलीच. त्यांनी हात धुतले, खांद्यावरची फीत काढायला विसरले, आणि दाराशी जरा उभे राहिले. आता बाहेर काहीतरी सांगणं भाग होतं. चक्कर आली म्हणावं का? नळ तपासायला गेलो होतो म्हणावं का? दोन्ही तोंडावर आलं. मग त्यांना स्वतःचाच कंटाळा आला. त्यांनी कडी काढली.

अध्यक्षांचं बोलणं थांबलेलं होतं. सर दारात उभं राहून वर्गावर बोलतात तसे मोठ्यानं म्हणाले, "माझ्या मोठ्या आतड्याला फुगे आलेत. दाबून ठेवलं तर ऑपरेशन होईल म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय. ही जागा मी माझ्यासाठी मागितली होती. लाज वाटली म्हणून बायकांचं नाव पुढे केलं. टाळ्या मी फुकट घेतल्या. मला माफ करा."

मुख्याध्यापिका मंगळसूत्राशी चाळा करत खाली बघत होत्या. मग भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "ते आम्हाला पहिल्यापासून ठाऊक आहे, सर."

"काय?"

"तुमच्या मिसेस भाजी घेताना भेटल्या होत्या. तुम्ही किल्ली मागितलीत त्याच आठवड्यात."

सरांनी बायकोकडे बघितलं. ती छताकडे बघायला लागली.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही शरमेनं अर्ज मागे घेतला असता. आम्ही तीनदा अर्ज केलेत, सर. पहिला केला तेव्हा माझे केस काळे होते. तिन्ही वेळा उत्तर एकच, रेकॉर्डला चालू आहे." हेडक्लार्क आपल्या बुटांकडे बघायला लागले. "तुम्ही मागितलंत आणि फरश्या बसल्या. म्हटलं, यांच्या आतड्याच्या निमित्तानं का होईना, होतंय ना, होऊ दे."

पोटातल्या फुग्यांची इतके दिवस वाटणारी लाज सरांना आता आठवेना. ही लाज निराळी होती आणि ती जास्त लागली. तीन अर्ज, आणि शेजारच्या खोलीत बसून आपल्याला एकाचाही पत्ता नाही. ते म्हणाले, "मी पाटीवरचं माझं नाव पुसून घेतो."

"पुसा. आणि तिसरा तास तुमचा. तेव्हा आम्ही कुणी येणार नाही. बाकीचे तास आमचे, ते नीट बसवून द्या."

"देतो," सर म्हणाले.

अजून काहीतरी बोलायला हवं असं त्यांना वाटत होतं, आणि अध्यक्षांनाही वाटत होतं, कारण ते कात्री हातात घेऊन पुढे सरसावले. पण एव्हाना शिक्षिका खुर्च्यांवरून उठल्या होत्या. भूगोलाच्या बाई सगळ्यांत पुढे, त्यांच्या मागे एक, तिच्या मागे दुसरी, पार जिन्यापर्यंत.

"आता दारातून बाजूला व्हा सर," बाई म्हणाल्या. "रांग आहे."